टाकी फुल्ल की रिकामी? थंडीत उभ्या गाडीवरून कट्ट्यावर जुंपली

बंड्याने विषय काढला की थंडीचे तीन-चार महिने बाईक उभीच राहणार आहे, तर टाकीतलं पेट्रोल काढून टाकू का, आणि झालं, तिथून जी जुंपली ती सगळे उठेपर्यंत चालूच.

अण्णा म्हणाले, पेट्रोलच नाही ठेवलं तर खराब काय होणार? काढून टाक सगळं. मी म्हटलं अण्णा, टाकी पत्र्याची आहे, रिकामी केलीत की आत नुसती हवा, आणि थंडीत तापमान खालीवर झालं की त्या हवेतलं बाष्प पत्र्याला आतून धरतं, मग आधी गंज आणि पुढे तोच गंज फिल्टरमध्ये. त्यापेक्षा काठोकाठ नको पण फिलरच्या गळ्याखालपर्यंत भरून ठेवायची, हवेला जागाच कमी ठेवायची. प्लॅस्टिकची टाकी असती तर गंजाचा प्रश्न नव्हता, ते मान्य.

"अरे पण भरलेलं पेट्रोल सडतं त्याचं काय?" अण्णा काही सोडायला तयार नाहीत. आणि मुद्दा खोटा नाहीच. पेट्रोल म्हणजे हलक्या-जड हायड्रोकार्बनचं मिश्रण, त्यातला हलका भाग आधी उडून जातो आणि गार इंजिन पेटायला नेमका तोच लागतो, उरलेल्याचा हवेतल्या ऑक्सिजनशी संबंध आला की हळूहळू चिकट गोंद तयार होतो. त्यात इथेनॉल असेल तर ते पाणी ओढतं. 10 टक्के इथेनॉलचं पेट्रोल साधारण अर्धा टक्का पाणी पोटात घेतं, म्हणजे 10 लिटरला 50 मिली, थंडी वाढली की त्याहून कमी. ती हद्द ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून वेगळे होतात आणि तळाशी बसतात, आणि पेट्रोलचा कॉक कुठून ओढतो? तळातूनच. पहिल्या किकला इंजिनात तेच जाणार.

पिंट्या म्हणाला एवढं कशाला, दर रविवारी दोन मिनिटं स्टार्ट करायची की. या सवयीला माझा ठाम विरोध आहे. दोन मिनिटांत टाकीतलं पेट्रोल काय बदलणार आहे? उलट पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते, इंजिन नीट तापलंच नाही तर ती सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये पाणी होऊन बसते, शिवाय सेल्फ मारून बॅटरीतलं जेवढं जातं तेवढं आयडलिंगवर परत भरत नाही. ऑइल चांगलं गरम होईपर्यंत रस्त्यावर चालवणार असशील तर चालव, नाहीतर हात लावू नकोस.

मला सांगायचं होतं ते हे की टाकी आणि कार्ब्युरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) यांचा हिशोब वेगवेगळा आहे आणि आपण दोन्ही एकातच धरून भांडतोय. टाकीत लिटरांनी पेट्रोल असतं, ते सावकाश बिघडतं. कार्ब्युरेटरच्या तळच्या वाटीत, म्हणजे फ्लोट बोलमध्ये, जेमतेम काही चमचे, तेही बाहेरच्या हवेला उघडं, ते आधी उडतं आणि मागे पिवळसर-हिरवा थर ठेवतं. स्लो जेट, म्हणजे आयडलिंगचं पेट्रोल सोडणारी बारीक पितळी नळी, काढून उजेडाकडे धरून बघा कधी, भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षाही बारीक असतं, उजेडाचा एक ठिपका दिसला पाहिजे आणि बुजलेल्या जेटमधून तोसुद्धा दिसत नाही. अशी गाडी चोकवर चालते आणि चोक काढला की बंद पडते. आणि तिथे तार घालायची नाही रे बाबा, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडलं, कार्ब क्लीनर मारायचा आणि हवा मारायची.

म्हणजे टाकी भरायची आणि बोल रिकामा करायचा. अण्णा अर्धे बरोबर निघाले, फक्त जागा चुकली! आधी फ्युएल स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर बिघडू नये म्हणून टाकायचं रसायन) बाटलीवर लिहिलंय त्या मापाने टाकायचं, वरून ताजं पेट्रोल म्हणजे ढवळलं जातं, मग दहा मिनिटं इंजिन चालवायचं म्हणजे ते कार्ब्युरेटरपर्यंत पोचतं, मग कॉक बंद आणि बोलखालचा ड्रेन स्क्रू सैल. पिंट्या म्हणतो कॉक बंद करून गाडी आपोआप बंद पडू दिली की झालं, पण त्यात मेन जेटच्या खाली थोडं उरतंच, स्क्रूच बरा. हे इंजिन गार झाल्यावर, मोकळ्या जागेत, आसपास शेगडी-बिडी काही नको, पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत लांब जाते.

कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्शन असलेल्या गाडीत बोलच नाही, तिथे फुल्ल टाकी आणि स्टॅबिलायझर, बस. बंड्याची तीच निघाली, म्हणजे त्याचं काम सोपं. पण त्याच्या टाकीत मागच्या थंडीपासूनचं पेट्रोल पडून आहे आणि त्यातच स्टॅबिलायझर ओतायचा त्याचा विचार होता. त्याने काही होणार नाही, ते ताजं पेट्रोल टिकवतं, बिघडलेलं सुधारत नाही. झाकण उघडून वास घे म्हटलं, नेहमीचा झणका न येता वार्निशसारखा आंबूस वास आला तर ते काढ, नवीन भर, आणि मग ओत काय ओतायचं ते.