एकीच्या जागी दोन गोळ्या कशासाठी? केजच्या गुरुजींना उत्तर

गुरुजी, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया काल रात्री दुकान बंद करून घरी आल्यावर वाचली. बाकीचं बोलणं थांबू शकतं, पण तुमची एक ओळ थांबणारी नाही. सकाळी उठल्यापासून पिणाऱ्या पुतण्याला तुम्ही रविवारी पारावर शपथ घातली आणि त्याच दिवसापासून दारू बंद केली, असं लिहिलंय. आज मंगळवार आहे. वर्षानुवर्षं रोज पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, समोर नसलेल्या माणसाशी बोलणं सुरू होतं, ताप आणि दरदरून घाम येतो. हे सोंग नाही आणि बाहेरचंही काही नाही. यात माणसं दगावतात. त्याचे हात थरथरत असतील, रात्र रात्र डोळा लागत नसेल, तर आजच त्याला अंबाजोगाईला मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणा आणि रोज किती प्यायचा ते डॉक्टरांना खरं सांगा. थायमिनचं (म्हणजे बी-१ जीवनसत्त्वाचं) इंजेक्शन आणि थरथर, फिट आवरणारं औषध हे काही दिवसांपुरतंच असतं, पण त्या दिवसांत त्याला पर्याय नाही.

आता तुमच्या मुद्द्यांकडे येते. दारूची तलफ कमी करण्यासाठी दोन औषधं एकत्र देऊन पाहिलेल्या चाचण्यांवर मी मागचा लेख लिहिला होता. तुम्ही लिहिलंत, ‘एका गोळीने भागेना म्हणून दोन, उद्या तीन. हा कंपन्यांचा धंदा आहे आणि ताई, तुम्ही पडलात मेडिकलवाल्या. माळ घातलेली माणसं गोळीशिवाय सुटली. प्रश्न निर्धाराचा आहे.’ शेवटी विचारलंत, की माझ्या भावाचं पुढे काय झालं ते मी का लिहिलं नाही.

धंद्याचं आधी. या विषयातली सगळ्यात गाजलेली चाचणी ‘कंबाइन’. ती अमेरिकेत सरकारी पैशातून झाली, निकाल २००६ मध्ये आला. ११ ठिकाणचे १,३८३ लोक, १६ आठवडे उपचार. नाल्ट्रेक्सोन आणि अकॅम्प्रोसेट ही दोन औषधं एकेकटी, जोडीने, आणि नुसती खोटी गोळी (दिसायला औषधासारखी, आत औषध नसलेली), असे गट पाडले होते. जोडी चालेल असं वाटायला कारण होतं. नाल्ट्रेक्सोन मेंदूतली ती कुलपं अडवतं जिथून पहिल्या घोटाची मजा येते, म्हणजे पिऊनही पूर्वीसारखा रंग चढत नाही. अकॅम्प्रोसेटचं काम वेगळं. दारू सुटल्यावर जी आतली तगमग उरते ती शांत करायची. एकाने गोडी मारायची, दुसऱ्याने तगमग. माझ्यासारखीला तर हे ऐकताच पटलं होतं.

आणि निकाल काय लागला? नाल्ट्रेक्सोनचा फायदा दिसला. अकॅम्प्रोसेटचा त्या चाचणीत दिसला नाही, आणि दोन्ही मिळून दिल्यानेही जास्तीचं काही पदरात पडलं नाही. त्याआधी २००३ मध्ये जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या १६० जणांच्या चाचणीत हीच जोडी अकॅम्प्रोसेटपेक्षा सरस ठरली, पण एकट्या नाल्ट्रेक्सोनच्या फार पुढे गेली नाही. डायसल्फिराम (हे घेतलं असताना दारू प्यायली की त्रास होतो) आणि नाल्ट्रेक्सोनची जोडी २५४ माजी सैनिकांवर तपासली, तिथेही एकापेक्षा दोन भारी असं निघालं नाही. गुरुजी, दुसरी गोळी गळ्यात मारायचीच असती तर हे निकाल छापले कशाला असते? दुसरी गोळी बिनकामाची आहे हे कळायलाही चाचणीच लागते. अकॅम्प्रोसेट म्हणजे दिवसाला सहा गोळ्या. ऊस तोडून पोट भरणाऱ्याला त्या उगाच लिहून दिल्या तर उचलीतला पैसा जातो, आणि तेही मला दुकानात रोज दिसतं.

पण सगळ्याच जोड्या फसल्या असं मी म्हणणार नाही. २०११ मध्ये १५० जणांवर नाल्ट्रेक्सोनबरोबर पहिले सहा आठवडे गॅबापेंटिन (फिटवर आणि नसांच्या दुखण्यावर देतात ते औषध) देऊन पाहिलं. त्या सहा आठवड्यांत पिणं नुसत्या नाल्ट्रेक्सोनपेक्षा कमी झालं, गॅबापेंटिन थांबल्यावर फरक विरला. मला हा निकाल फार मोलाचा वाटतो. सुटल्यानंतरचे पहिले आठवडे झोपेविना जातात, माणूस तिथेच परत फिरतो, आणि जोडीदार गोळी त्या आठवड्यांपुरतीच कामाची असू शकते. ऑन्डान्सेट्रॉन, जे मी रोज उलटीची गोळी म्हणून विकते, ते अगदी थोड्या मात्रेत नाल्ट्रेक्सोनबरोबर दिल्यावर तरुणपणीच दारूच्या आहारी गेलेल्यांची तलफ कमी झाली, असं २००१ च्या एका चाचणीत दिसलं. पण त्यात माणसं होती अवघी २०. तेवढ्यावर कोणाला चिठ्ठी लिहून द्यावी असं मला वाटत नाही, आणि मागच्या लेखात मी हे पुरेसं ठासून लिहिलं नव्हतं. तो दोष माझा.

तुमच्या माळेबद्दल. ती मी नाकारत नाही, माझ्या माहेरी दोन माणसं माळेनेच सुटली. ‘कंबाइन’मधलंच एक सांगते. खोटी गोळी घेणारे, पण ठरल्या दिवशी डॉक्टर-नर्सकडे जाऊन बसणारे जवळपास तीन-चतुर्थांश दिवस प्यायले नाहीत. कसलीच गोळी न घेता नुसतं तज्ज्ञांचं समुपदेशन मिळालेल्यांचे दिवस दोन-तृतीयांश भरले. १६ आठवड्यांत अशा नऊच भेटी होत्या, पहिली पाऊण तासाची, पुढच्या वीस मिनिटांच्या. कोणीतरी नेमाने विचारतंय, वाट बघतंय, याचं बळ मोठं असतं. वारीच्या दिंडीत तेच मिळतं. पण ज्यांना दिंडीनंतर आषाढ सरायच्या आत पुन्हा तलफ उठली त्यांना ‘तुझा निर्धारच कच्चा’ म्हणून सोडून द्यायचं का? २०१९ च्या सरकारी सर्वेक्षणात देशात दारूचं व्यसन जडलेल्या ३८ माणसांतल्या एकालाच कसलातरी उपचार मिळाल्याचं निघालं. आपल्याकडची अडचण दोन गोळ्यांची नाहीच, एकही न मिळण्याची आहे.

धंदा म्हणायचाच तर मी दाखवते. गेल्या महिन्यात एक बाई आली. पदराच्या गाठीतून तिने कागदाच्या पुड्या काढून काउंटरवर ठेवल्या. आठ होत्या. ना नाव, ना तारीख, आत पांढरट पूड. स्टँडच्या भिंतीवर लिहिलेल्या नंबरला फोन करून मागवलेलं, ‘न सांगता दारू सोडवा’वालं औषध. ती ते रोज नवऱ्याच्या वरणात घालत होती, आणि तो प्यायला की लालबुंद व्हायचा, छाती धडधडायची, उलट्या व्हायच्या. पुडीत काय होतं ते मी डोळ्यांनी सांगू शकत नाही, पण डायसल्फिराम घेतलेल्याच्या पोटात दारू गेली की हेच होतं, आणि रक्तदाब कोसळून जीवही जाऊ शकतो. म्हणून ते औषध माणसाला सांगून, त्याच्या राजीखुशीनेच द्यायचं असतं. त्या बाईच्या चपलेची पट्टी सुतळीने बांधलेली होती आणि पुड्यांना तिने दोन हजार मोजले होते. या पुड्यांची चाचणी कोणी कधी केली नाही. तुमचा राग तिकडे वळवा, मी तुमच्यासोबत येते.

आता दादा. मी लिहिलं नाही कारण वहिनीला विचारलं नव्हतं. काल विचारलं, ती म्हणाली लिही. दादाला दारूच्या आधीपासून उदासी होती, ते डॉक्टरांनी ओळखलं. लिव्हर तपासून नाल्ट्रेक्सोन सुरू केलं आणि सोबत उदासीवरचं सर्ट्रालिन दिलं. दारू आणि नैराश्य दोन्ही असलेल्या १७० जणांवरची २०१० ची चाचणी आहे. ही जोडी घेणाऱ्यांपैकी ५३.७ टक्के १४ आठवडे कोरडे राहिले, बाकीच्या गटांत २१ ते २८ टक्के. इथे दोन गोळ्यांना अर्थ होता, कारण दुखणीच दोन होती.

जेवण झालं की वहिनी तांब्या आणि गोळ्या पुढे ठेवते. त्याने घेतल्या की आपल्या पाकिटातली एक टिकली कॅलेंडरच्या त्या तारखेवर चिकटवते. तिला लिहिता येत नाही. गेल्या वर्षी पोळ्याला सलग तीन चौकोन रिकामे आहेत, दिवाळीत एक. पोळ्यानंतर चौथ्या दिवशी तो स्वतःच म्हणाला, गोळी दे. ‘सुटला’ असं मी अजून म्हणत नाही, तोही म्हणत नाही. पण पूर्वी तो वर्षाकाठी चार दिवस शुद्धीत असायचा.

पुतण्याला आणायला गाडी नसेल तर १०८ ला फोन करा. तलफेचं, औषधांचं पुढचं विचारायचं असेल तर १४४१६ वर, म्हणजे टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनवर, मराठीत बोलता येतं. आणि दवाखान्यात पोचलात की इथेच दोन ओळी लिहा, मी रात्री दहापर्यंत दुकानात आहे, बघत राहीन.