बरे झाले, दिवाळे निघाले

लिंक्डइनवर नोकरी गेली असं कुणी लिहीत नाही. ‘नव्या प्रवासाला निघतोय’, ‘स्वतःला थोडा वेळ देतोय’ असं लिहितात. खाली शंभर जण टाळ्यांचे इमोजी टाकतात आणि सगळ्यांना आतून माहीत असतं की काय झालंय.

माझ्या माहितीतला एक जण आयटीत मोठ्या पदावर होता. पद गेलं तसा तो सोसायटीच्या गणपतीच्या मीटिंगलाही यायचा थांबला. पैशाची ओढाताण नव्हती, फ्लॅटचं कर्ज केव्हाच फिटलेलं. पण कुणी ‘सध्या काय करता?’ विचारलं तर काय सांगायचं, या एका प्रश्नाने त्याला घरात कोंडलं. यात त्याचा काय दोष? आपण पोरांना दहावीपासून हेच ऐकवतो ना, ‘काहीतरी बनून दाखव’, ‘स्वतःची ओळख निर्माण कर’. म्हणजे बनेपर्यंत तू कुणीच नाहीस, आणि बनलेलं मोडलं की परत कुणीच नाहीस.

मला हे पटत नाही. ओळख बनवावी लागत नाही, ती मिळालेली असते. मी भाविक बाई आहे, म्हणून देवाने दिलेली म्हणते. ज्यांना देव नको त्यांनी दुसरा शब्द घ्यावा, भांडण नाही. आणि हे मला कुणा मोटिव्हेशनल स्पीकरने नाही शिकवलं, तुकोबांनी शिकवलं.

आपल्या डोळ्यांपुढे तुकोबा येतात ते हातात वीणा घेतलेलेच, जणू जन्मले तेच तसे. पण देहूच्या मोऱ्यांचं घर खातंपितं होतं. महाजनकी (बाजारपेठेचं वतन) होती, शेती होती, दुकान होतं, सावकारी होती. थोरल्या भावाचं संसारात मन नव्हतं, म्हणून कारभार लहान वयात तुकोबांवर आला आणि त्यांनी तो सांभाळलाही. आजच्या भाषेत ‘यशस्वी तरुण व्यावसायिक’. मग 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ आला. धंदा बुडाला, गुरंढोरं गेली, थोरली बायको अन्न अन्न करत गेली. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि त्याच अभंगात पुढे म्हणतात, ‘लज्जा वाटे जीवा त्रासलों या दुःखें । वेवसाय देखें तुटी येतां ॥’

लाज. दुःखाइतकीच लाज. धंदा बसलेल्या माणसाला चार लोकांत तोंड दाखवायची जी लाज वाटते ती तुकोबांनाही वाटली होती, आणि त्यांनी ती झाकली नाही.

मग तेच तुकोबा म्हणतात, ‘बरें झालें देवा निघालें दिवाळें’. आणि पुढे, ‘बरें झालें जगीं पावलों अपमान’. हा अभंग मी पहिल्यांदा नीट वाचला तेव्हा मला रागच आला होता. घरातलं माणूस उपाशी मेलंय आणि बरं काय झालं? पण हे ‘पॉझिटिव्ह राहा’ छापाचं बोलणं नाही. आधी लाज आणि रडणं पुरतं भोगून झालेला माणूस हे म्हणतोय. महाजन तुकाराम संपला, आणि तरी तुकाराम शिल्लक राहिला, हे त्याला तिथे दिसलं.

परंपरा सांगते की पुढे त्यांनी कर्जखतांची वाटणी केली. धाकट्या कान्होबाच्या वाट्याची त्याला दिली आणि आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडली. आपण याला दानत म्हणतो. मला वाटतं दानतीपेक्षा त्यात सुटका जास्त होती. त्या कागदांमुळेच गावात चार माणसं वाकून रामराम घालत असणार. ज्यांच्या जोरावर सावकार म्हणवायचं तेच बुडवल्यावर हा माणूस म्हणतो, ‘बरें देवा कुणबी केलों । नाहीं तरि दंभेंचि असतों मेलों’. महाजनकीची मिजास नाही, पंडिताची ऐट नाही. जे न कमावता मिळालं होतं त्यातच उभा राहिला. (कुणबी म्हटल्यावर सध्याचं राजकारण इथे आणू नका. कमेंटमध्येही नको.)

आता कुणी विचारेल, आणि विचारायलाच हवं, की मग जन्माने जिथे टाकलं तिथे गप पडून राहायचं का? या महाराष्ट्रात ‘देवाने दिलेली ओळख’ म्हणून माणसांना दाराबाहेर ठेवलंय. महार समाजातले संत चोखोबा, त्यांची समाधी पंढरपुरात महाद्वारासमोर आहे, मंदिराबाहेर. त्यांच्या समाजाला विठ्ठलाच्या देवळात जाता यावं म्हणून सानेगुरुजींना 1947 च्या मे महिन्यात उपोषणाला बसावं लागलं. म्हणजे मधे सहा शतकं गेली. ती ओळख देवाने दिली होती का? माणसांनी शिक्का मारला आणि खाली सही देवाची ठोकली.

तुकोबांनाही हे ऐकवलं गेलं की शूद्राने अभंग रचायचे नाहीत. वह्या इंद्रायणीत बुडवाव्या लागल्या. तेव्हा ते ‘देवाने कुणबी केलंय, राहतो गप’ म्हणाले नाहीत. ‘वेदाचा तो अर्थ आम्हांसी च ठावा’ म्हणाले, आणि कुणबीपण न लपवता म्हणाले. मला तरी फरक इथे कळतो. ज्या ओळखीला आपल्या पायाखाली कुणीतरी लागतं, किंवा जी आपल्याला कुणाच्या तरी पायाखाली घालते, ती देवाची नसते.

बाकीचे संत बघा. सावता माळी अरणला मळ्यातच राहिले, कांदा-मुळ्यात त्यांना विठाई दिसली. आजही पांडुरंगाची पालखी अरणला त्यांच्या भेटीला जाते. सेना न्हावी ‘आम्ही वारीक वारीक’ (वारीक म्हणजे न्हावी) म्हणत विवेकाचा आरसा दाखवतात. जनाबाई जात्यावरून उठत नाहीत. ‘न्हावी असलो तरी’, ‘दासी असले तरी’ असलं ‘तरी’ यांच्या तोंडी नाही.

माझ्या सासूबाईंच्या गावच्या दिंडीत मी आळंदी ते पुणे चालले आहे. वाटेत सगळे माउली. फार तर गाव विचारतात. पद सांगायची वेळच येत नाही, आणि सुरुवातीला मला ते चक्क अडचणीचं वाटलं. पोटात काहीतरी सांगायचं राहिल्यासारखं.

नोकरी करू नका, मोठं होऊ नका असं मी म्हणत नाही. सावतोबांनी खुरपं टाकलं नव्हतं आणि सेनाजींनी वस्तरा. पोरगी दहावीला आहे, तिला अभ्यास कर म्हणून मीही ओरडते. फक्त ‘बनून दाखव’ म्हणायचं बंद केलंय. कुणाला दाखवायचं, हे ती विचारते आणि माझ्याकडे उत्तर नसतं.