क कडक भाकरीचा

लेकीला शाळेतून तक्ता दिला होता: इंग्रजी 'के'नं सुरू होणारे आशियाई पदार्थ, आणि पुढच्या रकान्यात त्यांचा देश. सिंगापुरात हे अवघड नाही. काया, म्हणजे नारळाचं दूध, अंडी, साखर आणि पांदानची पानं आटवून केलेला जॅम, क्वे त्याव, म्हणजे तांदळाच्या चपट्या शेवया, केतुपत, म्हणजे विणलेल्या पानांच्या पुडीत शिजवलेला भात, आणि किमची, म्हणजे कोरियातली मुरवलेली तिखट कोबी. पाचव्या ओळीत तिनं आपल्या मनानं लिहिलं, कडक भाकरी. देश: सोलापूर.

फोटो घरच्या ग्रुपवर टाकला आणि पेटलं. विजापूरला दिलेली आत्या म्हणाली, "ती तर आमची खडक रोट्टी की रे!" चुलतभाऊ उसळला, "उद्या शेंगाचटणीपण तुमचीच म्हणशील." त्यावर आत्या शांतपणे, "आम्हीपण शेंगाचटणीच म्हणतो तिला." मग रात्रभर भौगोलिक मानांकन, म्हणजे अमुक वस्तू अमुक भागाचीच असा सरकारी शिक्का, सीमा, कोण कुणाचं चोरतंय.

इथं बसून ही भांडणं ओळखीची वाटतात. सिंगापूरनं 2018 मध्ये आपली हॉकर संस्कृती, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांची परंपरा, युनेस्कोच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत घालायचं ठरवलं तेव्हा मलेशियात बरेच जण चिडले; 2020 मध्ये नोंद झालीच. किमचीची तर कमाल. दक्षिण कोरियाच्या किमची घालण्याच्या परंपरेची नोंद 2013 मध्ये, उत्तर कोरियाची 2015 मध्ये. मुरवणं एकच, नोंदी दोन.

मंगळवेढ्याच्या ज्वारीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते मला पटतं. ती ज्वारी त्या काळ्या रानात, रब्बीच्या ओलीवर येते. रान काही उठून दुसरीकडे जात नाही. भाकरी मात्र हातावर असते, आणि हात लग्न करून विजापूरला जातो. आमची आत्या थापायला शिकली सोलापुरात, आजीपाशी. मंद आचेवर दाबून दाबून पापडासारखी कडक करायला शिकली सासरी. आता लावा मानांकन.

असं शहाणपण मी ग्रुपवर लिहिलंही. पण गेल्या महिन्यात सेरंगून रोडवरच्या एका दुकानात तीच भाकरी दिसली, पातळ, गोल, पाकिटात सहा, आणि वर नाव 'मिलेट क्रॅकर'. 2023 हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून ज्वारीला भाव आलाय, चांगलंच आहे. पण क्रॅकर? आमटीत चुरून खायची गोष्ट ती, चहाबरोबर कुरतडायची नाही. दुकानदाराला म्हटलं, याला नाव आहे. तो म्हणाला, "सेम सेम, सर." माझं शहाणपण तिथंच गळालं. नाव कुणाचंही लागो, खडक रोट्टी लिहिलं तरी चालेल, पण काहीतरी लागायला हवं होतं.

पाकीट घेतलं, हे कबूल करतो. मीठ कमी होतं.

काल लेकीचा तक्ता तपासून आला. बाईंनी 'सोलापूर' खोडून 'इंडिया' केलंय. तोही फोटो ग्रुपवर गेला. चुलतभावानं तीन संतापलेले चेहरे टाकले. आत्यानं लिहिलं, "खोडायचंच होतं तर विजापूर तरी लिहायचं."