नाव की नुसती हाक? डॉल्फिनच्या शिळेवरील आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

‘डॉल्फिन एकमेकांना नावाने हाक मारतात’ या माझ्या लेखावर आपण सविस्तर प्रतिक्रिया लिहिलीत, याबद्दल मनापासून आभार. दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे अशी ती प्रतिक्रिया नाही, म्हणून संबंधित शोधनिबंध पुन्हा वाचून मगच लिहायला बसलो. इतर वाचकांसाठी आपले म्हणणे आधी थोडक्यात सांगतो. गायही हंबरून वासराला बोलावते आणि वासरू कळपातून आपल्या आईचा आवाज बरोबर ओळखते, पण म्हणून गाय वासराचे ‘नाव घेते’ असे कोणी म्हणत नाही. तेव्हा डॉल्फिनच्या शिळेला, म्हणजे तिच्या शिट्टीसारख्या आवाजाला, ‘नाव’ म्हणणे हे प्राण्यावर माणूसपण लादणे आहे, हा आपला मुख्य आक्षेप. शिवाय ही कल्पना २००१ साली अमेरिकेतल्याच संशोधकांनी खोडून काढली होती, डॉल्फिनचे शिकणे म्हणजे माशाच्या तुकड्यासाठी केलेली पोपटपंची आहे, आणि कोकणातल्या डॉल्फिनविषयी मी केलेले विधान निराधार आहे, असेही आपण लिहिले आहे. यातला शेवटचा आक्षेप मला पूर्णपणे मान्य आहे आणि त्याकडे मी अखेरीस येतो. पहिला मात्र मान्य नाही, आणि तो का मान्य नाही हे सांगण्यासाठी आपलाच गायीचा दृष्टान्त मला फार उपयोगी वाटतो.

फोन वाजतो, पलीकडून घरचे माणूस ‘अगं, मी बोलतोय’ एवढेच म्हणते आणि कोण बोलते आहे ते आपल्याला कळते. ‘मी’ या शब्दात कोणाचीच ओळख नसते; ओळख सगळी आवाजात असते. गायीचे हंबरणे या जातीचे आहे. नावाचे याच्या अगदी उलट असते. नाव आईने उच्चारले काय, शिक्षकांनी हजेरीत पुकारले काय किंवा लग्नपत्रिकेत छापून आले काय, ते त्याच माणसाचे राहते, कारण ते उच्चारणाऱ्याच्या आवाजाला बांधलेले नसते. म्हणजे आपला आक्षेप केवळ शब्दाच्या निवडीचा नाही, तो तपासून पाहता येण्याजोगा प्रश्न आहे: डॉल्फिनची ओळख तिच्या आवाजाच्या पोतात आहे, की शिळेच्या चढउतारात, म्हणजे तिच्या सुरावटीत?

बॉटलनोज या जातीच्या प्रत्येक डॉल्फिनची स्वतःची एक ठरलेली शीळ असते, हे डेव्हिड आणि मेल्बा कॉल्डवेल या दांपत्याने १९६५ साली प्रथम मांडले. शास्त्रज्ञ तिला ‘सिग्नेचर व्हिसल’ म्हणतात. मी तिला ओळखशीळ म्हणेन. आपण उल्लेखिलेला २००१ सालचा निबंध ब्रेंडा मॅकॉवन आणि डायना राइस यांचा आहे, आणि तो लिहिणाऱ्या दोघी या विषयातल्या जाणकार आहेत. एकट्या पडलेल्या डॉल्फिन बहुतेक एकाच सामाईक, चढत जाणाऱ्या प्रकारची शीळ घालतात आणि त्यांच्यातला फरक हा इतर प्राण्यांच्या आवाजात असतो तसाच व्यक्तिगत फरक आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. थोडक्यात, आपला गायीचा मुद्दाच त्यांनी शास्त्रीय भाषेत मांडला होता. तो निबंध माझ्या लेखात यायला हवा होता, हे मी मान्य करतो. परंतु चर्चा २००१ साली थांबली नाही, आणि पुढचा प्रयोग नेमक्या याच शंकेचा निकाल लावण्यासाठी रचलेला होता.

फ्लोरिडातल्या सारासोटा उपसागरात १९७० सालापासून तिथल्या डॉल्फिनचा सलग अभ्यास चालू आहे, त्यामुळे कोण कोणाची आई, कोण कोणाचा मुलगा हे संशोधकांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असते. अधूनमधून काही डॉल्फिनना आरोग्यतपासणीसाठी उथळ पाण्यात जाळ्याच्या वेढ्यात घेऊन थोड्या वेळाने सोडून देतात. व्हिन्सेंट जॅनिक, लेला सईग आणि रँडल वेल्स यांनी २००६ साली प्रसिद्ध केलेला प्रयोग अशा वेळी केलेला आहे. माणसे पाण्यात उभी राहून डॉल्फिनला धरून आहेत, तिच्या एका बाजूला पाण्याखाली ध्वनिक्षेपक आहे, आणि तिची मान किती वेळा त्या दिशेला वळते एवढेच मोजायचे आहे. ऐकवलेल्या शिळा मात्र कोणा डॉल्फिनच्या तोंडच्या नव्हत्या. संगणकावर केवळ सुरावट ठेवून आवाजाचा पोत पुसून टाकलेल्या त्या शिळा होत्या. हस्ताक्षर काढून टाकून छापील अक्षरात नाव लिहावे तशा. तरीही १४ पैकी ९ डॉल्फिन ओळखीच्या पण नात्यात नसलेल्या डॉल्फिनच्या शिळेपेक्षा आपल्या नातलगाच्या शिळेकडे अधिक वळल्या. १४ ही संख्या मोठी नाही, पण प्रश्न नेमका होता आणि उत्तरही त्याच प्रश्नाचे मिळाले: आवाज काढून घेतला तरी ओळख उरते.

असे का असावे, याचे एक कारण मला विशेष पटते. डॉल्फिन शीळ घालते ती तोंडाने किंवा कंठाने नव्हे, तर डोक्यावरच्या श्वासछिद्राखालील नाकाच्या पोकळीतल्या उतींच्या कंपनाने. पाण्यात दहा मीटर खाली गेले की दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि आतली हवा आकसून निम्मी उरते, त्यामुळे आवाजाचा पोत प्रत्येक बुडीत बदलण्याची शक्यता राहते. गायीला दिवसभर एकाच दाबाच्या हवेत हंबरायचे असते, म्हणून तिला आवाजावर विसंबता येते. गढूळ पाण्यात, वर-खाली करत, एकमेकींना न दिसता सोबत राहायचे असेल, तर ओळख आवाजाऐवजी सुरावटीत ठेवणे हाच भरवशाचा मार्ग उरतो.

येथपर्यंत एवढेच सिद्ध होते की डॉल्फिन स्वतःचे नाव सांगते. ‘मी अमुक’ असे सांगणे वेगळे आणि दुसऱ्याने ‘ए अमुक’ म्हणून पुकारणे वेगळे. खरे तर आपण आक्षेप या ठिकाणी घेतला असता तर तो अधिक वजनदार झाला असता. याचे उत्तर स्टेफनी किंग आणि जॅनिक यांनी २०१३ साली दिले. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्याजवळ त्यांनी मोकळ्या डॉल्फिनच्या ओळखशिळा ध्वनिमुद्रित केल्या, त्यांच्या संगणकीय नकला तयार केल्या आणि त्याच कळपाला परत ऐकवल्या. ज्या डॉल्फिनची शीळ ऐकवली तिने आपली शीळ घालून प्रतिसाद दिला. दुसऱ्या डॉल्फिनच्या शिळा ऐकवल्यावर असा प्रतिसाद मिळाला नाही. मराठीत यासाठी नेमका शब्द आहे: तिने ‘ओ’ दिली. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या निबंधात त्यांनी सारासोटातल्या अनेक वर्षांच्या ध्वनिमुद्रणांवरून दाखवले की डॉल्फिन ऊठसूट कोणाचीही शीळ उचलत नाहीत. ताटातूट झालेली आई आणि पिल्लू, किंवा जोडीने राहणारे नर, अशी जवळचीच मंडळी एकमेकांची शीळ घालतात, आणि ती हुबेहूब न घालता किंचित फरकाने घालतात, त्यामुळे बोलावणारा आणि बोलावला जाणारा यांच्यात गोंधळ होण्याचे कारण राहत नाही.

मूळ लेखात मी देऊ न शकलेला एक पुरावा येथे देतो, कारण माझ्या मते तो सर्वांत बळकट आहे. डॉल्फिनला वास जवळजवळ घेता येत नाही, पण पाण्यातल्या लघवीच्या चवीवरून ती ओळखीच्या डॉल्फिनला ओळखते. जेसन ब्रक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात एखादीच्या लघवीचा नमुना पाण्यात सोडून सोबत ओळखशीळ ऐकवली. शीळ आणि चव एकाच डॉल्फिनची असली, तर ऐकणारी ध्वनिक्षेपकाजवळ अधिक वेळ रेंगाळत असे. दोन्ही वेगवेगळ्या डॉल्फिनच्या असल्या तर तेवढा वेळ रेंगाळत नसे. याचा अर्थ शिळेने तिच्या मनात केवळ ‘ओळखीचा आवाज’ एवढेच जागे होत नाही, तर ती शीळ ज्या व्यक्तीची आहे ती व्यक्ती जागी होते, जिला आवाजाखेरीज चवही आहे. नाव म्हणजे यापेक्षा वेगळे काय असते? याच ब्रक यांनी २०१३ साली दाखवले होते की पाळीव डॉल्फिन पूर्वीच्या सोबत्यांच्या शिळा दोन दशकांनंतरही ओळखतात. लहानपणी काही काळ एकत्र राहिलेल्या ॲली आणि बेली या माद्यांची ताटातूट होऊन २० वर्षे ६ महिने झाले होते, आणि तरीही बेलीने ॲलीची शीळ ओळखली.

मी ‘नाव’ हा शब्द वापरला, ‘भाषा’ हा नाही, याकडे मात्र आपले लक्ष वेधतो. समोर नसलेल्या तिसऱ्याविषयी दोन डॉल्फिन काही बोलतात, शिळा जुळवून वाक्य करतात, असा पुरावा माझ्यासमोर नाही. १९६० च्या दशकात अमेरिकी संशोधक जॉन लिली यांनी डॉल्फिनशी माणसाचा संवाद लवकरच सुरू होईल असे छातीठोकपणे सांगितले, कॅरिबियन समुद्रातल्या सेंट थॉमस बेटावर पीटर नावाच्या डॉल्फिनला इंग्रजी शिकवण्याचा प्रयत्नही झाला, आणि त्या उत्साहामुळे हा विषय पुढे कित्येक वर्षे गंभीर संशोधकांच्या नजरेतून उतरला. आपल्या संशयामागे तो अनुभव असेल, तर तो संशय रास्तच आहे.

आता ‘पोपटपंची’विषयी. हा शब्द आपण तुच्छतेने वापरतो, पण ऐकलेला नवा आवाज शिकून तो स्वतः काढता येणे ही सस्तन प्राण्यांत अतिशय दुर्मिळ गोष्ट आहे. गायीला, कुत्र्याला, माकडाला ती जमत नाही. माणूस, देवमासे आणि डॉल्फिन, सील, हत्ती, वटवाघळे एवढ्यांतच तिचे दाखले मिळतात. डॉल्फिनचे पिल्लू ओळखशीळ जन्मतः घेऊन येत नाही. पहिल्या काही महिन्यांत भोवती कानावर पडणाऱ्या आवाजांतून ते ती घडवते.

माशाच्या तुकड्याचे म्हणाल, तर पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या शार्क बे येथे पुढे सांगतो ते कसब शिकण्यासाठी कोणीही बक्षीस देत नाही. तिथल्या काही माद्या समुद्रतळावरचा शंकूच्या आकाराचा स्पंज उपटून चोचीवर टोपीसारखा चढवतात आणि खडबडीत तळ उकरत जातात. वाळूत दडलेला मासा हलला की स्पंज टाकतात, मासा पकडतात आणि तोच स्पंज पुन्हा उचलतात. अशा माशांपैकी बऱ्याच जातींना वाताशय, म्हणजे पोटातली हवेची पिशवी, नसतो, त्यामुळे डॉल्फिनने सोडलेल्या आवाजाच्या प्रतिध्वनीने ते नीट सापडत नाहीत आणि चोच घालून उकरणेच भाग पडते. हे कसब आईकडून, तेही मुख्यतः मुलींकडे जाते, असे मिखाएल क्रुत्सेन आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवले. ऑस्ट्रेलियातल्याच ॲडलेडच्या पोर्ट नदीतली बिली नावाची डॉल्फिन १९८८ साली काही आठवडे एका डॉल्फिनालयात उपचारासाठी होती. तिथल्या शिकवलेल्या डॉल्फिन शेपटीवर उभ्या राहून पाण्यावर चालत. बिलीला ते कोणी शिकवले नव्हते. नदीत परत सोडल्यावर ती तसे चालू लागली आणि तिचे पाहून नदीतल्या इतर रानटी डॉल्फिनही चालू लागल्या. पुढे त्या चालणाऱ्या एकेक करून गेल्या, तशी ही चालही ओसरत गेली.

शिकवलेल्या डॉल्फिनचेही सगळे शिकणे सवयीचे नसते. होनोलुलूमध्ये लुईस हर्मन यांनी अकेआकामाई नावाच्या डॉल्फिनला हातांच्या खुणा शिकवल्या. त्या खुणांचा क्रम मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल, कारण त्यात ठिकाण आधी, वस्तू मग आणि क्रिया शेवटी येत असे: माणूस, फळी, ने, म्हणजे माणसाकडे फळी ने. त्याच खुणा फळी, माणूस, ने अशा क्रमाने केल्या की ती माणसाला फळीकडे ढकलत नेई. पूर्वी कधीच न दिलेल्या आज्ञाही ती अशाच रीतीने पाळत असे. केवळ पाठांतराने हे होत नाही.

राहिला कोकणाचा प्रश्न. वर सांगितलेले सारे प्रयोग बॉटलनोज डॉल्फिनवरचे आहेत. आपल्या किनाऱ्यालगत दिसतो तो मुख्यतः कुबडा डॉल्फिन, ज्याला मालवणकडे गादा म्हणतात. त्याची प्रजातीच काय, वंशही वेगळा आहे. देवबागच्या खाडीच्या मुखाशी एकदा होडीवाल्याने इंजिन बंद केले, आणि दोन गादे हातभर अंतरावर वर आले. त्यांच्या श्वासाचा फुस्कारा अंगावर आला आणि मागाहून पिल्लाचा बारीक श्वास ऐकू आला. ते आईच्या किती जवळून पोहत होते हे पाहिल्यावर, इतर डॉल्फिनविषयी वाचलेले सगळे मी त्यांनाच लागू करून टाकले. ती माझी चूक होती. ‘आपल्या कोकणातले डॉल्फिनही एकमेकांना नावाने हाक मारतात’ हे वाक्य आज मी लेखातून काढले आहे आणि त्या जागी, या लेखातले प्रयोग बॉटलनोज डॉल्फिनवर झालेले असून ते गाद्याला तसेच्या तसे लावता येत नाहीत, असे लिहिले आहे. मॅकॉवन आणि राइस यांच्या निबंधाचा परिच्छेदही २००६ सालच्या प्रयोगाच्या आधी घातला आहे. शीर्षकातला ‘नाव’ हा शब्द मात्र तसाच ठेवला आहे. लघवी आणि शीळ यांच्या प्रयोगाचा दुसरा काही अर्थ आपल्याला दिसत असेल तर अवश्य लिहावे, कारण तो शब्द आता माझ्या दृष्टीने मुख्यतः त्या प्रयोगावर उभा आहे.