‘आपल्या अंगाला मच्छराची सवय आहे’ हा मेसेज पुढं पाठवू नका

तीन-चार दिवसांपासून गावच्या सगळ्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, कामासाठी गडचिरोली, मुंबई नाहीतर आफ्रिकेला जाणाऱ्या पोरांसाठी म्हणून. त्यात लिहिलंय की आपण लहानपणापासून मच्छरात वाढलोत म्हणून आपल्याला मलेरिया झाला तरी हलकाच होतो, तरण्या माणसाला काही होत नाही, थंडी वाजली तरच मलेरिया समजायचा आणि एकदा होऊन गेला की परत भ्यायचं काम नाही. मी लॅबमध्ये रोज काचेवर रक्त बघतो, म्हणून गप बसवत नाही.

पहिल्या गोष्टीनंच जीव जातो. नुसता मच्छर चावून प्रतिकारशक्ती येत नसते, मलेरियाचा जंतू वर्षानुवर्षं परत परत अंगात शिरला तर थोडीफार येते, ती पण अर्धीमुर्धी. आपल्याकडं बीड-परभणीला रात्री कानाशी गुणगुणतो तो बहुतेक करून गटारीतला क्युलेक्स मच्छर, मलेरिया पसरवते ॲनोफिलीसची मादी, आणि राज्यातला मलेरिया जास्त करून गडचिरोलीत आणि मुंबईत निघतो. म्हणजे आपला गडी तिकडं जातो तेव्हा त्याच्या शरीराला या जंतूची ओळखच नसते. तिथल्या मोठ्या माणसाच्या रक्तात जंतू असूनही तो कामावर दिसतो, ते बघून आपली पोरं फसतात. पण त्याच गावातली लहान लेकरं मलेरियानं दगावतात, कारण त्यांच्यात ती ताकद अजून आलेली नसते, आणि या बाबतीत आपण त्या लेकरांच्या जागी असतो.

ब्रिटनमध्ये १९८७ ते २००६ मध्ये बाहेरून फाल्सिपेरम मलेरिया (मलेरियाचा सगळ्यात घातक प्रकार) घेऊन आलेल्या २५,०५४ पेशंटचा अभ्यास झालाय, त्यात १९१ जण गेले. मलेरियाच्या आफ्रिकी देशात जन्मलेल्यांत मृत्यू ०.४ टक्के, बाकीच्यांत २.४ टक्के, म्हणजे सहापट.

तरण्या माणसाचं म्हणाल तर वयाचा फरक पडतो हे खरं, त्याच अभ्यासात पासष्टीच्या पुढं मृत्यू ४.६ टक्के होते. पण म्हणून तरणा सुटला असं नाही. फाल्सिपेरम शिरलेल्या लाल पेशी बारीक रक्तवाहिन्यांना आतून चिकटतात, मेंदूत, किडनीत रक्त अडतं, तिथं दंडातली ताकद कामाला येत नाही. गरोदर बाईला तर धोका जास्तच, आणि बांधकामावर नवरा-बायको जोडीनं जातात हे मेसेज लिहिणाऱ्याला सुचलंच नाही.

थंडीचं सांगतो. आमच्याकडं एक पोरगं आलतं, गडचिरोलीत रस्त्याच्या कामाला होतं, पोळ्याला घरी आलं आणि चार दिवसांनी ताप. थंडी नाही, हुडहुडी नाही, नुसत्या उलट्या, जुलाब आणि अंगदुखी. एका दवाखान्यात तीन दिवस सलाईन लावल्या, कुठून आलास हे कुणी विचारलं नाही आणि त्यानंही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ते असंबद्ध बडबडायला लागलं, आईला ओळखंना, लघवी कोकाकोलासारखी. तेव्हा रक्त माझ्याकडं आलं. एकेका लाल पेशीत दोन-दोन अंगठ्या, खडा बसवलेल्या अंगठीसारखा दिसतो तो जंतू. मलेरियावरची आर्टेसुनेटची इंजेक्शनं लगेच चालू झाली म्हणून वाचलं, पण ते तीन दिवस फुकट गेले नसते तर गोळ्यांवरच भागलं असतं. मच्छर चावल्यावर साधारण ७ ते १४ दिवसांनी, कधी महिन्यानंही ताप येतो, तोवर माणूस घरी पोचलेला असतो.

‘एकदा झाला की संपलं’ हे पण चूक. व्हायवॅक्स हा मलेरियाचा दुसरा प्रकार लिव्हरमध्ये दडून बसतो आणि महिन्यांनी परत उठतो, त्यासाठी प्रायमाक्विनचा १४ दिवसांचा कोर्स असतो (डॉक्टरला विचारूनच, गरोदर बाईला ही गोळी चालत नाही), आणि आपले लोक ताप उतरला की तिसऱ्या दिवशी गोळ्या सोडतात. वरून जी थोडीफार प्रतिकारशक्ती आलेली असते ती पण तो भाग सोडल्यावर उतरत जाते. आफ्रिकेत दोन वर्षं काढून आलेला माणूस काही वर्षांनी परत निघाला तर त्यानं नव्यासारखीच काळजी घ्यायची, जायच्या आधीपासून डॉक्टरनं सांगितलेल्या गोळ्या घ्यायच्या आणि आल्यावरही सांगितलेत तेवढे दिवस घ्यायच्या.

आमच्या गल्लीतली सहा पोरं पुढच्या आठवड्यात निघायलीत. त्यांना मी मच्छरदाण्या घ्यायला लावल्यात आणि एकच वाक्य पाठ करून घेतलंय, ताप आला की दवाखान्यात पाय ठेवताच म्हणायचं, ‘मी गडचिरोलीहून आलोय, मलेरियाचं रक्त तपासा.’ सरकारी दवाखान्यात ही तपासणी फुकट होते, आणि पहिली निगेटिव्ह आली पण ताप हटंना तर दुसऱ्या दिवशी परत रक्त द्यायचं.