स्कॅनमध्ये मन दिसतं का? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. दोन ओळीत उत्तर देऊन सोडून द्यावी अशी ती नाहीये म्हणून जरा लांबलचक लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की मेंदूच्या स्कॅनमध्ये विचार दिसत नाहीत, त्यावर तुमचं म्हणणं असं की टेक्सासमध्ये मशीनने लोकांचे विचार वाचले तरी तुम्ही हे कसं म्हणता, मेलेल्या माशाचं उदाहरण देऊन तुम्ही अख्ख्या शास्त्राची बदनामी केलीत, आणि तिसरं, जे तुम्ही शेवटी लिहिलंय पण मला वाटतं तेच खरं कारण आहे, की पुतण्याला डिप्रेशन आहे आणि घरचे ‘मनाचे खेळ आहेत’ म्हणतात, अशा वेळी स्कॅन दाखवता आला तर निदान विश्वास तरी ठेवतील, आणि माझ्यासारख्यांच्या लिखाणामुळे तोही आधार जातो.

आधी टेक्सासचं घेऊ. ते काम मलाही फार आवडतं. 2023 मध्ये ऑस्टिनच्या युनिव्हर्सिटीतल्या जेरी टँग आणि अलेक्झांडर हूथ यांच्या टीमने ते छापलं. माणसाला एफएमआरआय मशीनमध्ये (मेंदूतला रक्तप्रवाह टिपणारा एमआरआय) झोपवायचं, कानात गोष्ट लावायची आणि मेंदूतल्या रक्तप्रवाहावरून कॉम्प्युटरने ओळखायचं की तो काय ऐकतोय. गोष्टीतली बाई म्हणते, माझ्याकडे अजून ड्रायव्हिंग लायसन्स नाही. कॉम्प्युटरने काढलं, तिने अजून गाडी शिकायला सुरुवातही केलेली नाही. शब्द वेगळे पण मथितार्थ तोच! दर वेळी इतकं नेमकं येत नाही, पण इथवर पोचणं हेच केवढं मोठं आहे. आता त्याच पेपरात पुढे काय आहे बघा. माणसं तीन, आणि प्रत्येकाने आधी सोळा तास मशीनमध्ये पडून गोष्टी ऐकल्या तेव्हा कुठे कॉम्प्युटर त्या एका माणसापुरता तयार झाला. एकाच्या डेटावर शिकवलेला डिकोडर, म्हणजे हा ओळखणारा प्रोग्राम, दुसऱ्यावर चालला नाही. आणि ऐकता ऐकता माणूस मनात आकडे मोजायला लागला किंवा प्राण्यांची नावं घ्यायला लागला की डिकोडर कोलमडायचा. म्हणजे आत पडलेल्याने मनापासून साथ दिली तरच काहीतरी हाती लागतं. मी ‘विचार दिसत नाहीत’ म्हणाले ते ह्या अर्थाने.

दिसतं काय मग? न्यूरॉन्स, म्हणजे मेंदूतल्या पेशी, कामाला लागल्या की त्या भागात ऑक्सिजनवालं रक्त जास्त येतं, ऑक्सिजन असलेल्या आणि नसलेल्या रक्ताचा चुंबकीय गुण वेगळा असतो, तो फरक मशीन पकडतं. शास्त्रज्ञ सेजी ओगावांनी 1990 मध्ये हे दाखवलं आणि त्यावर हे सगळं क्षेत्र उभं राहिलं. पण रक्त पोचायला वेळ लागतो, सिग्नल शिगेला जातो पाच-सहा सेकंदांनी, तोवर विचार कुठल्या कुठे गेलेला असतो. आणि चित्रातला एकेक ठिपका साधारण तीन मिलिमीटरचा ठोकळा असतो, त्यात लाखो न्यूरॉन्स. तो लाल-पिवळा रंगही मशीनमधून येत नाही, हे काम करताना आणि ते काम करताना सिग्नलमध्ये किती फरक पडला ह्याचं गणित करून तो नंतर भरलेला असतो.

म्हणूनच मी माशाबद्दल लिहिलं. 2009 मध्ये क्रेग बेनेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलेला सॅमन मासा मशीनमध्ये ठेवून त्याला माणसांचे फोटो दाखवले, आणि हजारो ठिपके एकदम तपासताना काही निव्वळ योगायोगाने उठून दिसतात, ते वगळायला जी दुरुस्ती करायची असते ती न करता गणित केलं तर त्याच्या मेंदूतही काही ठिपके ‘पेटलेले’ निघाले. त्यात बदनामी नाही हो. हे लोक ह्याच शास्त्रातले, आणि आपल्याच लोकांना ते सांगत होते की गणित नीट करा. नंतर 2020 मध्ये 108 लोकांचा एकच डेटा 70 टीम्सना दिला, प्रश्नही तेच नऊ, तर कुठल्याच दोन टीम्सनी सगळं गणित सारख्या पद्धतीने केलं नाही आणि बऱ्याच प्रश्नांवर उत्तरं वेगवेगळी आली. स्वतःच्या चुका इतक्या उघडपणे तपासणाऱ्या शास्त्राबद्दल मला आदरच आहे.

आणि आदर का आहे त्याचं सगळ्यात मोठं कारण सांगते. 2006 मध्ये केंब्रिजला मेंदूशास्त्रज्ञ एड्रियन ओवेन यांनी 23 वर्षांच्या एका मुलीचा स्कॅन केला. अपघातानंतर ती कुणालाच काही प्रतिसाद देत नव्हती, निदान व्हेजिटेटिव्ह स्टेट, म्हणजे डोळे उघडे पण शुद्धीची काही खूण नाही अशी अवस्था. तिला मशीनमध्ये सांगितलं, टेनिस खेळतेयस अशी कल्पना कर. मग सांगितलं, आता तुझ्या घरातल्या खोल्यांमधून फिर. टेनिस म्हटल्यावर हालचालींचं नियोजन करणारा भाग जागा झाला, घर म्हटल्यावर जागा आणि रस्ते ओळखणारे भाग, अगदी धडधाकट माणसांसारखे. ती ऐकत होती! पुढे 2010 मध्ये अशाच एका रुग्णाला ‘हो असेल तर टेनिस, नाही असेल तर घर’ असं सांगून वडिलांच्या नावासारखे साधे प्रश्न विचारले, सहापैकी पाचांची बरोबर उत्तरं मिळाली. हे वाचलं की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. पण इथेही बघा, त्या माणसाला प्रश्न विचारला गेला आणि त्याने स्वतःहून उत्तर दिलं. मशीनने मन वाचलं नाही, अडकून पडलेल्या माणसाला बोलायला वाट करून दिली.

ह्याच्या बरोबर उलटं आपल्याकडे पुण्यात झालं. 2008 मध्ये एका खुनाच्या खटल्यात एका तरुणीला जन्मठेप झाली आणि निकालात इतर पुराव्यांबरोबर तिच्या मेंदूच्या चाचणीचाही आधार घेतला गेला. ती चाचणी एमआरआय नव्हे, ईईजीवर (मेंदूतल्या विजेच्या लहरींच्या नोंदीवर) आधारलेली, पण दावा तोच. डोक्याला इलेक्ट्रोड लावायचे, ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशी वाक्यं ऐकवायची, तिने तोंडातून एक शब्द काढायचा नाही, आणि मशीन म्हणणार की हिला ही गोष्ट प्रत्यक्ष केल्याचं आठवतंय. करणं, ऐकणं आणि पोलिसांनी पुन्हा पुन्हा विचारल्यामुळे डोक्यात बसणं ह्यातला फरक त्या लहरींवरून खात्रीने ओळखता येतो हे स्वतंत्रपणे कुणी सिद्धच केलेलं नव्हतं. पुढे हायकोर्टाने तिला जामीन दिला आणि 5 मे 2010 ला सुप्रीम कोर्टाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या निकालात सांगितलं की संमतीशिवाय अशा चाचण्या करता येणार नाहीत. एका माणसाचं आयुष्य पणाला लागलं होतं, म्हणून ‘मशीन मन वाचतं’ असं कुणी सहज म्हटलं की मी गप्प बसू शकत नाही.

आता तुमच्या पुतण्याचं. तुमची कळकळ समजते, पण स्कॅनचा आधार घेऊ नका कारण तो उलटेल. 2022 मध्ये जर्मनीतल्या संशोधकांनी 1809 लोकांचे मेंदू तपासले, डिप्रेशन असलेले आणि नसलेले. एकेका मापावरून कोण कुठल्या गटातला हे ओळखायचं म्हटलं तर अचूकता 54 ते 56 टक्के, म्हणजे नाणं उडवण्यापेक्षा जेमतेम बरी. पेपरात येणारे फरक गटांच्या सरासरीचे असतात, एका माणसाच्या फिल्मवर ते दिसत नाहीत. डॉक्टर एमआरआय सांगतात तो गाठ, रक्तस्राव असलं काही नाही ना हे बघायला, आणि डिप्रेशनमध्ये बहुतेक वेळा रिपोर्ट नॉर्मल येतो. मग घरात काय होणार? पाकीट उघडणार, ‘नॉर्मल’ शब्दावर बोट ठेवणार आणि म्हणणार, बघ, काही झालेलं नाही तुला, उगाच नाटकं. त्या पोराची झोप उडालीय, कशात मन लागत नाही, आंघोळीला उठायचंही जिवावर येतं, असं तुम्हीच लिहिलंयत ना? निदान ह्यावरूनच होतं आणि ते खरंच असतं, त्याला फोटोच्या सहीची गरज नाही.

तेव्हा माझं ऐकाल तर पुढच्या अपॉइंटमेंटला दादा-वहिनींना बरोबर घेऊन जा आणि एमआरआय काढतात तो कशासाठी, रिपोर्ट नॉर्मल आला तरी उपचार का लागतात, हे डॉक्टरांनाच त्यांच्यासमोर सांगू दे. आणि मध्ये कधी रात्री-अपरात्री त्रास वाढलाच तर टेली-मानस ह्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा 14416 हा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.