डायनासोर सह्याद्रीच्या लाव्हाने मेले, हा मेसेज अर्धवट आहे

दोन दिवसांपासून ग्रुप्सवर फिरतंय की "उल्कापाताची गोष्ट खोटी, डायनासोर आपल्या दख्खनच्या ज्वालामुखींमुळे संपले, शास्त्रज्ञांनी मान्य केलं". असं कोणी मान्य केलेलं नाही.

१९८० मध्ये अल्वारेझ या अमेरिकन शास्त्रज्ञ बापलेकांच्या टीमने इटलीतल्या गुब्बिओच्या खडकात डायनासोर संपले त्याच काळातला मातीचा एक पातळ थर दाखवला, त्यात इरिडियम नावाचं मूलद्रव्य भरपूर होतं, जे जमिनीवर अगदी कमी आणि उल्कांमध्ये जास्त असतं. मग मेक्सिकोत चिक्शुलूबला सुमारे १८० किमी रुंद विवर सापडलं, वय तेच, ६.६ कोटी वर्षं.

दख्खनचा लाव्हा खरा आहेच, पण तो लाखो वर्षं थांबून थांबून वाहत होता, उल्केच्या आधीही आणि नंतरही. आणि कच्छमध्ये अंजारजवळ दोन लाव्हाथरांच्या मधल्या गाळात डायनासोरची हाडं, अंड्यांची कवचं मिळालीत, म्हणजे लाव्हा सुरू झाल्यावरही ते तिथे जगत होते! आपल्या चंद्रपूर जिल्ह्यात पिसदुऱ्याला तर त्यांच्या विष्ठेचे दगड मिळतात, त्यात गवताचे सूक्ष्म कण निघालेत, मला हे फार भारी वाटतं.

लाव्हातल्या वायूंनी हवामान बिघडवून किती हातभार लावला यावर वाद चालू आहे, तो असू दे. पण उल्का खोटी म्हणणं चूक. आणि "सगळे संपले" हेही नाही, पक्षी त्यांचेच वंशज.

प्लीज तो मेसेज पुढे पाठवू नका, पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हे टाका.